सहज सुचलं असतं का?

गिझरमधलं पाणी तापलं की आत ‘टक्’ असा आवाज होतो आणि दिवा विझतो. ते काम थर्मोस्टॅटचं. अशा तापनियंत्रणात कुणी सुधारणा केली, तर पेटंट मिळावं का? 1970 च्या पेटंट कायद्याची कसोटी अशी, की ती त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, लेथवर भांडी घट्ट धरण्याच्या साधनाचं पेटंट अशाच कसोटीवर टिकू दिलं नाही. ती नुसती कारखान्यातली सुधारणा ठरली. निकाल रास्तच होता.

मात्र ‘जुनेच भाग जोडले, त्यात काय मोठं?’ हा आक्षेप दरवेळी खरा नसतो. उत्तर कळल्यावर कोडं सोपंच वाटतं. म्हणून अर्जाच्या तारखेला काय ठाऊक होतं, तेच पाहायला हवं. समजा, तापनियंत्रणात सेन्सर आणि टायमर जोडले; ते आपापलं जुनंच काम करत असतील, तर नकार योग्य. दोन्ही मिळून अनपेक्षित परिणाम साधत असतील, तर नकार हा अन्याय आहे.

पेटंटविषयी शिकायचं, तर नागपुरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. संशोधकांनी तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी जरूर करावी. आणि अर्ज फेटाळला गेला, तर अपील उच्च न्यायालयात, 3 महिन्यांच्या आत करायचं असतं.