शेगडी बदलण्यापूर्वी



गॅस सोडून विजेच्या इंडक्शन शेगडीवर रांधावे, असे हल्ली वारंवार कानी पडते. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशांतून येतो. तेव्हा या सल्ल्यात तथ्य आहेच. प्रश्न उरतो तो आपल्या घराच्या तयारीचा.

प्रथम हिशेब पाहू. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. त्याची पुष्कळशी उष्णता भांड्याच्या कडेने वाऱ्यावर जाते. इंडक्शनमध्ये ती भांड्याच्या बुडातच निर्माण होते. ही बचत जमेस धरली तरी एका टाकीच्या कामाला सव्वाशे ते दीडशे युनिट वीज लागेल. महाराष्ट्रात घरगुती विजेचा खालचा दर पहिल्या १०० युनिटांपुरता. पंखे, दिवे, टीव्ही यांतच ज्याचे ८०-९० युनिट सरतात, त्याची शेगडी बहुतेक चढ्या दरानेच पेटणार. भाडेकरूची तऱ्हा आणखी निराळी. मीटर मालकाच्या नावावर, आणि पोटमीटरचा दर मालकाच्या मनावर!

मग तारा. दोन हजार वॅटची शेगडी आठ-नऊ अँपिअर ओढते. चाळीतल्या खोलीत बहुधा ६ अँपिअरचाच प्लग असतो. तो तापून काळा पडणार. १६ अँपिअरचा प्लग, जाड तार आणि धड अर्थिंग हवे. अर्थिंगला आपले लोक चैन समजतात, हे मी कामगारांच्या सभांतूनही कंठशोष करून सांगत आलो आहे.

भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते चालेल. म्हणजे नुसत्या ॲल्युमिनियमची पातेली आणि पितळेची भांडी बाद. खोलगट तवा टेकत नाही, भाकरी जाळावर फुगत नाही, भरताचे वांगे भाजता येत नाही. रांधणारीला न विचारता शेगडी घेऊन येणाऱ्या पुरुषांनी हे ऐकून ठेवावे.

आणि एक माणूस या चर्चेत कोणी मोजतच नाही. भरलेली टाकी जवळजवळ ३० किलोची. ती खांद्यावर घेऊन चौथा मजला चढणाऱ्या कामगाराला अनेक ठिकाणी टाकीमागेच पैसे मिळतात. टाक्या घटल्या की त्याची चूल आधी थंडावेल. त्याच्या पर्यायी कामाची तरतूद बदलाच्या खर्चातच धरली पाहिजे, ही आमची मागणी आहे.

तूर्त टाकी घरात असू द्यावी. प्लग नीट करून घेऊन चहा, दूध आणि डाळ-भात एवढे विजेवर करावे, आणि दोन महिन्यांची बिले हाती आल्यावर पुढचे ठरवावे.