शेती करायचीय, पण सातबाऱ्यावर नाव कुठाय?

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना अडखळलो ती वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी जसंच्या तसं.)

ठाकुर्लीहून बोलतोय. मागे मधेच लोकलचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, आमची खिडकी रुळांकडेच उघडते.

आजचा विषय शेतीचा. तुम्ही म्हणाल, हा कोडिंग करणारा माणूस, ह्याचं शेतीत काय काम? सांगतो. मुरबाड तालुक्यात आमची साडेतीन एकर भातशेती आहे. ती करतो माझा चुलत भाऊ. वय सव्वीस. नांगरणीपासून मळणीपर्यंत सगळं तोच बघतो. आणि त्याच्या नावावर एक गुंठासुद्धा नाही. सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबांचं वय एकोणऐंशी.

"आजकालच्या पोरांना शेती नको" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात तथ्य नाही असं नाही. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ४० टक्के शेतकऱ्यांनीच सांगितलं होतं, की पर्याय मिळाला तर आम्ही दुसरं काहीतरी करू. म्हणजे नको म्हणणारे फक्त तरुण नव्हते, बापही होते. पण ज्याला करायचीय, त्याच्या वाटेत काय येतं? ते कुणी बोलत नाही. म्हणून हा भाग.

पहिली गोष्ट, आकाराची. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, म्हणजे साधारण साडेदहा एकर. २०१५-१६ ला ती १.३४ हेक्टरवर आली, साधारण सव्वातीन एकर. आजोबा ज्या वयात शेतीला लागले आणि भाऊ ज्या वयात लागला, ते दोन वेगळे धंदे आहेत. त्यामुळे "आम्ही नाही का केली?" ह्या प्रश्नाला उत्तर आहे: तुम्ही केलीत, पण एवढ्याशा तुकड्यात नाही.

दुसरी गोष्ट, नावाची. भावाला पॉवर टिलर घ्यायचा होता. एका बँकेत गेला. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, सातबारा कुणाच्या नावावर? झालं, विषय संपला. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, सगळं सातबाऱ्याला बांधलेलं. पीएम-किसान घ्या. वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. त्याला १ फेब्रुवारी २०१९ ही अट आहे. त्यानंतर जमीन नावावर झाली असेल तर लाभ नाही, फक्त खातेदार वारल्यावर वारसाने आलेली असेल तर मिळतो. म्हणजे बघा, आजोबांनी जिवंतपणी हौसेने नातवाच्या नावावर केली तर पैसे बंद. सरकारी कागदच पोराला सांगतो, थांब, म्हातारा जाऊ दे. असं कुठल्या घरात मोठ्याने बोलता येईल?

तिसरी गोष्ट, भीतीची. हिचं मूळ खूप जुनं आहे. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक झाली. आमचे पणजोबा त्यातलेच एक. आमची साडेतीन एकर तशीच आली. त्यामुळे जो कसतो त्याच्याकडे जमीन जाऊ शकते, हे आजोबांइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून ते शेजाऱ्याला जमीन तोंडी देतील, कागदावर कधीच नाही. आणि कागद नाही म्हणजे कसणाऱ्याला बँकही नाही, भरपाईही नाही. २०१६ मध्ये नीती आयोगाने जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा काढला, तो हीच गाठ सोडवायला: मालकाची मालकी शाबूत राहील आणि कसणाऱ्याला कर्ज मिळेल. पण नमुना दिल्लीत, भीती गावात.

ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचं तर अजून अवघड. माझ्या टीममधल्या एका मित्राला शेती घ्यायचीय. घरात कुणाचाच सातबारा नाही. त्याच कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही.

आता मोठ्यांची बाजू. ती ऐकलीच पाहिजे. आजोबांना पीएफ नाही, पेन्शन नाही. सातबारा हीच त्यांची पेन्शन. तो हातात आहे तोवर घरात शब्दाला किंमत आहे, असं त्यांना वाटतं, आणि चुकीचं वाटतं असंही नाही. आपल्याला आजूबाजूला उदाहरणं दिसतातच.

आणि मधली पिढी? माझे वडील गाव सोडून डोंबिवली एमआयडीसीत लागले. काका गावात राहिले, पण आपल्या पोराने कंपनीत जावं हा त्यांचाच हट्ट. कारण लग्न. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुलं फेटे बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर ऑफिसवर गेली होती, आम्हाला नवरी मिळत नाही म्हणून. आपण रील बघून हसलो. काका हसले नाहीत. त्यातला एक आपल्या घरी आहे, असं ते म्हणाले.

मग करायचं काय? आमच्या घरात जे सुरू आहे तेच सांगतो.

भावाला सगुणा तंत्राने भात करायचा होता. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली पद्धत. चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफे करायचे आणि बी टोकायचं. आजोबा म्हणाले, "चिखल केल्याशिवाय भात होतो होय रे?" दोन वर्षं हेच भांडण. मी एवढंच सांगितलं की आमच्याकडे नवा कोड एकदम सगळ्यांना देत नाहीत, आधी थोड्या लोकांना देतात. शेतीत तर खरीप वर्षातून एकदाच येतो, चुकला की वर्ष गेलं. तेव्हा साडेतीन एकरावर वाद नको, दहा गुंठ्यांवर करू. आजोबांनी बांधालगतचे दहा गुंठे दिले, दोन हंगामांसाठी. खर्च भावाचा, भातही भावाचा, मधे कुणी बोलायचं नाही.

दुसरं, हिशोब. आता वहीत भावाच्या कामाचे दिवस लिहिले जातात आणि भात विकला की त्याचा वाटा त्याच्या हातात येतो. "घरचाच आहे, त्याला कशाला पैसे?" हे बंद. माझ्या मते पोरं शेतीला कंटाळत नाहीत, पंचविसाव्या वर्षी शंभर रुपये मागायला कंटाळतात.

तिसरं, फोन. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर आहे. पिकाची नोंद भाऊ स्वतः शेतात उभा राहून करतो. मालकी येत नाही त्याने, पण घरात एक काम असं झालं की जे त्याच्याशिवाय होत नाही.

चौथं राहिलंय आणि तेच सगळ्यात अवघड: आजोबा हयात असताना वाटप, त्यांचा हिस्सा त्यांच्याच नावावर ठेवून. आणि ह्या बोलण्यात दोन्ही आत्या हव्यात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच झालाय. बहिणींकडून गुपचूप हक्कसोड लिहून घ्यायची आणि वर आमच्यावर अन्याय झाला म्हणायचं, हे आपल्या पिढीने तरी करू नये. कदाचित आत्याच्याच मुलीला शेती करायची असेल. विचारलंय कुणी?

दिवाळीला सगळे गावी असणार, आत्याही. तेव्हा विषय काढायचं ठरलंय. आजोबा रागावतील, काका उठून अंगणात जातील, हे धरून चाललोय. तरीही काढणार, कारण भाऊ सव्वीसचा आहे आणि कंपनीचे फॉर्म काकांनी आणून ठेवलेत.

तुमच्या घरात हा विषय निघाला असेल, निघाला नसेल, काढायला भीती वाटत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही, फक्त सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि कसतो कोण, एवढं सांगा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. चला, काळजी घ्या.