अर्थावांचून कविता

कविता म्हटली कीं तिला अर्थ हवा, हा रसिकांचा सामान्य संकेत. परंतु अर्थवाही शब्दच काढून टाकले आणि नुसता उच्चार शिल्लक ठेवला, तर उरेल तें काव्य कीं केवळ कोलाहल? हा प्रश्न जर्मनींतील कुर्ट श्विटर्स यांनीं आपल्या कंठानें जगापुढें टाकला.

श्विटर्स यांचा जन्म १८८७ सालीं हानोव्हर शहरीं झाला. ते मूळचे चित्रकार. ट्रामचीं जुनीं तिकिटें, कागदाचे कपटे, लांकडाचे तुकडे चिकटवून ते चित्रें सिद्ध करीत. टाकाऊ वस्तूंकडे पाहण्याची जी दृष्टि, तीच पुढें अक्षरांकडेहि वळली. त्यांचे मित्र राउल हाउसमान यांनीं १९१८ सालीं केवळ सुट्या अक्षरांचें एक भित्तिपत्रक छापलें होतें. तेंच बीज धरून श्विटर्स यांनीं सुमारें दहा वर्षें परिश्रम केले आणि ‘उरसोनाटे’ ही रचना १९३२ सालीं प्रसिद्ध केली.

हिच्यांत कोशानें उलगडेल असा अर्थ नाहीं. परंतु स्वैरपणाहि नाहीं. पाश्चात्य संगीतांतील सोनाटाप्रमाणें तिचे चार खंड आहेत. पहिल्यांत ठराविक पद फिरून फिरून येतें, दुसरा विलंबित, तिसरा खेळकर, चौथा द्रुत. आणि अखेरीस वर्णमाला उलट क्रमानें म्हटली जाते. ज्यानें आपल्याकडील तराणा ऐकला आहे, त्याला अर्थहीन बोलांतून भाव कसा उभा राहतो हें निराळें सांगावयास नको. मात्र तराण्याला रागाचा आधार असतो. येथें आधार केवळ मानवी उच्चाराचा.

पॉट्सडाम येथील एका घरीं झालेल्या वाचनाची हकीगत हान्स रिक्टर यांनीं लिहून ठेवली आहे. श्रोत्यांत वृद्ध सेनाधिकारी होते. प्रथम त्यांनीं शिष्टाचारापोटीं हंसूं दाबलें. मग बांध फुटला व सारी सभा खदखदूं लागली. श्विटर्स यांनीं राग धरला नाहीं. आवाज चढवून ते पुढें म्हणतच राहिले. हास्य ओसरलें, सभा ऐकूं लागली, आणि शेवटीं तेच सेनाधिकारी डोळ्यांत पाणी आणून त्यांचे आभार मानूं लागले.

राज्यकर्ते मात्र इतके उदार नव्हते. १९३७ सालीं नाझींनीं म्यूनिक येथें ‘भ्रष्ट कला’ म्हणून जें प्रदर्शन मांडलें, त्यांत श्विटर्स यांचींहि चित्रें होतीं. त्याच वर्षीं ते देश सोडून नॉर्वेस गेले व १९४० सालीं ब्रिटनमध्यें पोहोंचले. तेथें शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरील छावणींत स्थानबद्ध करण्यांत आलें. हानोव्हर येथील घरांत वर्षानुवर्षें उभारलेलें त्यांचें शिल्प १९४३ सालीं बाँबहल्ल्यांत नष्ट झालें.

१९४७ सालीं लंडनमध्यें त्यांनीं आपली रचना पुन्हां म्हटली. ऐकावयास आलेली बी.बी.सी.ची मंडळी मध्येंच उठून गेली. १९४८ च्या जानेवारींत श्विटर्स यांचें केंडाल येथें निधन झालें. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याची वार्ता आदल्याच दिवशीं आली होती.

घर गेलें, देश गेला, शिल्पहि गेलें. परंतु जर्मन नभोवाणीनें १९३२ सालीं मुद्रित केलेला त्या रचनेचा कांहीं भाग त्यांच्याच आवाजांत अद्याप ऐकावयास मिळतो, आणि देशोदेशींचे कलावंत ती रचना आजहि सभेंत म्हणतात. जिला कोणतीच भाषा नाहीं, तिला कोणताच देश परका राहिला नाहीं.