अठरावा वाढदिवस आणि आयटीआयचं दुसरं वर्ष

झाशीहून बोलतोय. फौजेतून निवृत्त झाल्यावर इथेच घर केलं.

आज बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांबद्दल बोलायचंय. दहावी करून मुलगा सतराव्या वर्षी आयटीआयला फिटर नाहीतर इलेक्ट्रिशियनला लागतो. कोर्स दोन वर्षांचा. मधेच अठरा पूर्ण होतात आणि बालगृह सुटतं. फीचं कसंबसं जमतं. रात्री झोपायचं कुठे आणि जेवायचं काय, तिथे गाडी अडते. मग पोरगा ढाब्यावर लागतो आणि लोक म्हणतात, ‘अभ्यासात मनच नव्हतं.’ मला हे ऐकवत नाही.

फौजेत साडेसतरा वर्षांचा रंगरूट येतो. त्याला बराक, लंगर, उस्ताद, सगळं मिळतं. ट्रेनिंग अर्धं असताना ‘आज तू अठराचा झालास, बिस्तरा उचल’ असं त्याला कोणी सांगत नाही.

बरं, कायदा नाही असंही नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ४६. त्याखालच्या २०१६च्या आदर्श नियमांत २१व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून २३पर्यंत अनुरक्षणाची सोय आहे: सहा ते आठ जणांचं एकत्र घर, शिकताना विद्यावेतन. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना ४००० रुपये आहेत. पण कलम नीट वाचा. मदत ‘देता येईल’ असं आहे, ‘द्यावीच लागेल’ असं नाही. हुकूम आणि परवानगी यांतला फरक फौजी माणसाला लगेच कळतो.

महाराष्ट्रात २०१८पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. उत्तम. पण त्यासाठीचं अनाथ प्रमाणपत्र मुलाच्या हातात बालगृहात असतानाच पडायला हवं. बाहेर पडल्यावर त्याच्याबरोबर कचेरीच्या पायऱ्या चढणार कोण?

तुमच्या जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण अधिकारी असतात. त्यांना भेटा. नावं विचारू नका, ती गोपनीय असतात. एवढंच विचारा: यंदा अठरा पूर्ण करणारी मुलं किती, आणि कोण कितवीत आहे? मग त्यांच्यामार्फतच चार घरं मिळून एकाचं खोलीभाडं उचला, कोर्स संपेपर्यंत. ‘पोराच्या हातात पैसे नकोत’ असं कोणीतरी म्हणेलच. माझं मत विचाराल तर त्याच्याच खात्यात टाका. हिशेब ठेवायला तिथेच शिकेल. आणि दिवाळीत हॉस्टेल बंद होतं, त्या दिवसांत तो कुठे राहील, हे आत्ताच ठरवून ठेवा.