वॉरंटी संपली म्हणजे जबाबदारी संपली काय?



परळ-लालबाग ही नावे आपल्या कापसाला नवी नाहीत. वऱ्हाड-खानदेशातल्या गाठी जात त्या गिरण्या तिथल्याच. १९८२ च्या संपानंतर बहुतेक बंद पडल्या, आता तिथे टोलेजंग इमारती आहेत. त्याच परळात, पुरवठा भवनात, दक्षिण आणि मध्य मुंबईच्या ग्राहक मंचांचे काम चालत आले. गिरगाव-दादरच्या गाडीवाल्याचे इंजिन बसले की तो आधी शोरूमशी भांडतो आणि थकला की तिथला जिना चढतो. त्याची गोष्ट आज इथे एवढ्यासाठी, की पिकअप आणि ट्रॅक्टर आपल्याही दारात आहेत, आणि "वॉरंटी संपली, आता आमचा संबंध नाही" हे आपल्यालाही ऐकवले जाते.

वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःच्या शब्दांत लिहून दिलेले वचन. इतके महिने किंवा इतके किलोमीटर, जे आधी संपेल ते. कायदा तेवढ्यावर थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात, १९८६ च्या आणि आता २०१९ च्याही, मालातल्या 'दोषा'ची व्याख्या वेगळी दिलेली आहे. कारखान्यातूनच सदोष भाग बसून आला असेल तर वॉरंटीच्या शेवटच्या तारखेला तो दोष नाहीसा होत नाही. मात्र दोष मुळातला होता हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर, आणि बहुतेक दावे पडतात ते इथेच. मेकॅनिकच्या तोंडी सांगण्यावर हुकूम मिळत नाही, तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतो. आणि आम्ही स्पष्टच सांगतो, हंगामाच्या घाईत दोन वर्षे ऑईल बदलले नसेल तर कोणताही आयोग तुमच्या मदतीला येणार नाही.

म्हणून इंजिन जाम झाले की ते गल्लीतल्या गॅरेजमध्ये खोलू नका. एकदा बाहेर खोलले की कंपनीला निमित्त मिळते. गाडी ओढून अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या, खोलताना समोर उभे राहा, फोटो काढा, निघालेले भाग ताब्यात मागा. जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्या. वॉरंटी चालू असतानाच "ऑईल खाते, आवाज येतो" अशी नोंद झालेली असेल, तर तो कागद सोन्याचा.

मग पत्र लिहायचे ते डीलरला नव्हे, थेट कंपनीच्या मुख्य कचेरीला, स्पीड पोस्टाने. वॉरंटी नुकतीच संपलेली आणि सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली असेल तर कंपन्या कधी कधी भागांचा सगळा किंवा थोडा खर्च सोसतात. त्याला त्या 'गुडविल' म्हणतात. मागायला हरकत नाही, पण ती मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानीवर जगायची आपल्या चळवळीला सवय नाही. घेताना "पुढे तक्रार नाही" अशा कागदावर न वाचता सही करू नका.

नकार आला तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. त्यासाठी परळ गाठायला नको. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. माल पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकील हवाच असेही नाही. कंपनी म्हणेल, गाडी व्यापारासाठी घेतली, हा ग्राहकच नव्हे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही, हे अर्जातच लिहा. मागताना बेताने मागा. मारुतीच्या एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, वॉरंटी सदोष भाग बदलण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही.

२०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानले, आणि तपासणीसाठी बियाणे राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही असेही म्हटले. पेरलेले बी मातीत जाते. इंजिन जात नाही, पुरावा दारातच उभा असतो, म्हणून तो मोडीत घालू नका.

ज्यांची गाडी अडकून पडली आहे त्यांनी सर्व्हिस बुक आणि जॉब कार्डे घेऊन बैठकीनंतर थांबावे. कंपनीला द्यायचे पत्र इथेच बसून लिहू.