ट्रंकेतलं पुस्तक



फौजेत नोकरी केलेल्याच्या घरी ट्रंकेच्या तळाशी एक पुस्तक असतं. त्याला डिस्चार्ज बुक म्हणतात. त्यात नंबर, हुद्दा, नोकरीची वर्षं आणि मिळालेली पदकं यांची नोंद असते. ते बाहेर काढा. इंग्रजी अडलं तर शाळेतल्या पोराला जवळ बसवा.

१९७१ च्या लढाईत पूर्वेकडे लढलेल्यांना ‘पूर्वी स्टार’ मिळाला, पश्चिमेकडे लढलेल्यांना ‘पश्चिमी स्टार’. आजोबा लढाईवर होते, पण पुस्तकात पदक नाही? मग गप्प बसू नका.

जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्जात नंबर, हुद्दा, पलटण, आणि कुठं, केव्हा लढलात ते लिहा. पुस्तकाची नक्कल जोडा. मूळ पुस्तक हातचं सोडू नका. खरं दप्तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. पोचपावती जपून ठेवा.

पदक म्हणजे पैका नव्हे. पण त्यावर शिपायाचं नाव कोरलेलं असतं, बरं का! धनी वारले असले, तरी त्यांच्या मागं घरच्या बाईनं विचारावं. आजोबा लढले हे खरं. ते कागदावरही यायला हवं.

आज घरी गेल्यावर ट्रंक उघडाच.