तक्रार आली, कुलूप पडले



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आणि नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ मध्ये याच डोंबिवलीत भरलेले. अशा परिसरात लेखन-वाचनाविषयी बोलायला मिळणे हे मी भाग्य समजतो. डिजिटल मराठी लेखनाचा आढावा घ्यावा, अशी संयोजकांची अपेक्षा होती. दिवाळी अंकांच्या डिजिटल आवृत्त्या, श्राव्य पुस्तके, युनिकोडमध्ये आलेले जुने ग्रंथ, गावोगावची स्थानिक वृत्तसंकेतस्थळे, बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण हे सारे ज्या सर्व्हरवर उभे आहे तो आपल्या मालकीचा नाही, आणि कोणा एकाच्या तक्रारीवरून तो रातोरात आपल्याला बंद होऊ शकतो. ही गोष्ट कित्येक वर्षे माझ्या मनात खदखदते आहे. म्हणून आढावा बाजूला ठेवून मी आज एवढ्याच विषयावर बोलणार आहे.

संकेतस्थळ बंद पडते कसे, ते आधी पाहू. आपण वर्षाला काही हजार रुपये भरून होस्टिंग कंपनीकडून सर्व्हरवर जागा घेतो. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, बहुधा त्याच कंपनीकडे नोंदवतो. ईमेलही त्याच खात्यावर चालते. कोणी तक्रार केली, की आक्षेपार्ह पान शोधा, वाचा, त्यावर विचार करा, या भानगडीत कंपनी सहसा पडत नाही. खाते सस्पेंड करणे हे एका बटणाचे काम असते. त्यामुळे तक्रार एका लेखाविषयी असली तरी दहा वर्षांचे सगळे लेख एकदम नाहीसे होतात, आणि संपादकाचे ईमेलही बंद पडल्याने खुलासा कुठून पाठवायचा हा प्रश्न उरतो. एका सदनिकेतल्या भांडणासाठी अख्ख्या इमारतीचे पाणी तोडावे, तसा हा प्रकार आहे. सरकारी आदेशाने होणारी बंदीही याच वळणाने जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘विकटन’ या तमिळ समूहाच्या डिजिटल नियतकालिकातल्या एका व्यंगचित्राविषयी तक्रार झाली आणि त्यांचे संपूर्ण संकेतस्थळ अडवले गेले. १९२६ पासून चालत आलेल्या ‘आनंद विकटन’ची ही परंपरा. मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्ये, ते व्यंगचित्र तूर्त काढण्याच्या अटीवर, संकेतस्थळ पुन्हा खुले करायला सांगितले. वाद एका चित्राचा होता. वाचक मात्र तीन आठवडे सगळ्याच मजकुराला मुकले.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून जुने आणि याहून बोलके आहे. डिसेंबर २०११ मध्ये अण्णा हजारे मुंबईत उपोषणाला बसले, त्याच सुमारास व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांचे भ्रष्टाचारविरोधी व्यंगचित्रांचे संकेतस्थळ बंद झाले. मुंबईतल्या एका वकिलाने तक्रार केली, गुन्हे शाखेने कंपनीला कळवले, आणि कंपनीने संकेतस्थळ निलंबित केले. चित्रे गुन्हा ठरतात की नाही, हे तोवर कोणत्याही न्यायालयाने तपासलेले नव्हते. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. देशभर गदारोळ उठला, काही दिवसांत उच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि मग सरकारने ते कलम मागे घेतले. मार्च २०१५ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की या चित्रांत विनोद वा मार्मिकता नसेल, तरी तेवढ्याने राजद्रोह होत नाही. पोलिसांनी हे कलम कधी लावावे याची मार्गदर्शक तत्त्वेही न्यायालयाने घालून दिली. अटकेची दाद लागली, कारण अटकेला कागद होता, कलम होते, दंडाधिकारी होता. संकेतस्थळाला पडलेले कुलूप मात्र त्या निकालाचा विषयच नव्हते.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. सरकारी बंदी वाईटच. पण तिच्याशी लढता येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर राज्य सरकारने जानेवारी २००४ मध्ये बंदी घातली. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. त्या पुस्तकातली विधाने अनेकांना मान्य नव्हती, आजही नाहीत. पण बंदीची कारणे लेखी होती म्हणून ती तपासता आली. प्रकाशकाने मात्र हेच पुस्तक नोव्हेंबर २००३ मध्ये, म्हणजे बंदीच्याही आधी, आपण होऊन भारतातून मागे घेतले होते. त्या माघारीविरुद्धचे आव्हान कोणते न्यायालय ऐकणार? होस्टिंग कंपनीने टाकलेले कुलूप याच जातीचे असते. त्याला आदेश क्रमांक नसतो, कारण नसते, वेळेत निकाली निघणारे अपीलही नसते.

इंटरनेटवरच्या लेखनाचा कायदा घडण्यात आपल्या ठाणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे, आणि तो आपण विसरून चालणार नाही. ऑगस्ट २००८ मध्ये ठाण्यात एक गुन्हा नोंदवला गेला. आरोपी केरळमधला एक विद्यार्थी होता. त्याने ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर एका राजकीय पक्षाच्या विरोधात समूह काढला होता, आणि त्यात इतरांनीही प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. फेब्रुवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द करायला नकार दिला. मजकूर केरळात लिहिला, तक्रार ठाण्यात झाली, आणि जागा उघडून देणाऱ्याला खटल्याला सामोरे जा असे सांगितले गेले. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरमध्ये दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली. एकीने तो लिहिला होता, दुसरीने तो फक्त पसंत केला होता. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्या अटकेनंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे ६६अ हे कलम रद्द झाले. त्याच निकालात कलम ७९ चाही अर्थ लावला गेला: मजकूर काढण्याची कायदेशीर जबाबदारी मध्यस्थ कंपनीवर, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर ठेवणाऱ्या वा पोहोचवणाऱ्या कंपनीवर, येते ती न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावर, कोणीही पाठवलेल्या पत्रामुळे ती येत नाही. याचा अर्थ सरळ आहे. खासगी तक्रार आली म्हणून संकेतस्थळ बंद करणे कंपनीवर बंधनकारक नाही. तरीही कंपन्या ते करतात.

का करतात? मध्यस्थाला दाबले की लेखक आपोआप गप्प बसतो, हे राज्यकर्त्यांना छापखान्याच्या काळापासून ठाऊक आहे. ठाण्याचे ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र १८६६ मध्ये निघाले. बारा वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी कायदा आणला आणि मुद्रक-प्रकाशकांकडून जातमुचलके मागितले. न्यायालयात अपील करण्याची सोय त्यात नव्हती. १९१० च्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्यांच्या चालकांकडून ५०० ते २,००० रुपये अनामत घेण्याचा अधिकार दिला. लेखकापाशी मते असतात, मुद्रकापाशी यंत्र असते. जप्तीच्या भीतीने कोण आधी वाकेल, हे उघड होते. स्वातंत्र्यानंतरही हे गणित सुटलेले नाही. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात आली आणि तक्रार झाली. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लगेच दिलगिरी व्यक्त केलेल्या प्रकाशकाला आरोपातून मोकळे केले; कवीवरचा खटला मात्र पुढे चालू ठेवला. त्या प्रकाशकाला मी दोष देत नाही. बाजूला होणे हाच मध्यस्थाचा सुरक्षित मार्ग राहावा अशी आपली व्यवस्थाच आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

होस्टिंग कंपनीचा हिशेब तर याहूनही कोरडा आहे. एका ग्राहकाकडून वर्षाला मिळणारे काही हजार एका बाजूला, आणि वकिलाच्या एका सल्ल्याचा खर्च दुसऱ्या बाजूला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मध्यस्थांसाठी केलेल्या २०११ च्या नियमांनी ३६ तासांत कारवाईची अपेक्षा ठेवली, तेव्हा बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’साठी ऋषभ दारा यांनी एक प्रयोग केला. त्यांनी सात मध्यस्थांना मुद्दाम सदोष तक्रारी पाठवल्या. सातपैकी सहा जणांनी त्या मान्य केल्याच, वर गरजेपेक्षा जास्त मजकूर काढून टाकला. तक्रार खरी आहे का, हे पाहण्यात कोणाला रस नव्हता. आजच्या नियमांतली त्रुटीही पाहा. २०२१ च्या नियमांनुसार, मोठ्या समाजमाध्यमाने आपण होऊन मजकूर काढला तर वापरकर्त्याला कारण कळवावे लागते आणि बाजू मांडायची संधी द्यावी लागते. पण हे बंधन ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना आहे. होस्टिंग कंपनी समाजमाध्यम नाही, म्हणून ती यातून सुटते. उलट, अटी मोडल्यास सेवा तत्काळ बंद करण्याचा आपला हक्क ग्राहकांना वेळोवेळी कळवत राहा, असे तेच नियम सगळ्या मध्यस्थांना सांगतात.

यावर पहिला आक्षेप असा, की कंपनी खासगी आहे आणि ग्राहक निवडण्याचा तिला हक्क आहे. मान्य. नवा ग्राहक नाकारण्याचा हक्क तिला असावा. पण पैसे घेऊन, नाव नोंदवून, दहा वर्षांचा मजकूर ताब्यात घेतल्यावर तो पूर्वसूचनेशिवाय अडवणे हा निवडीचा हक्क होत नाही. भाडेकरूला काढायचे तरी घरमालकाला नोटीस द्यावी लागते. शिवाय, सरकारविषयीच्या मजकुराचे खरेखोटे सरकारच्याच तपासणी कक्षाने ठरवावे ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. जे काम सरकारच्या कक्षालाही करू दिले गेले नाही, ते कंपनीच्या तक्रार विभागातल्या कर्मचाऱ्याकडे कोणत्या न्यायाने जाते? अपिलासाठी केंद्राने २०२३ मध्ये समित्या नेमल्या आहेत, असेही सांगितले जाते. पण त्या समित्यांची नेमणूक सरकार करते, निर्णयासाठी ३० दिवसांची मुदत धरलेली आहे, आणि तोवर संकेतस्थळ बंदच राहते. स्थानिक बातमीचे आयुष्य एवढे नसते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी हलका करणार नाही. बायकांची खासगी छायाचित्रे, बनावट चित्रफिती, जमावाला चिथावणाऱ्या अफवा यांवर न्यायालयाची वाट पाहत बसायचे का? मुळीच नाही. खासगी छायाचित्रांबाबत काही तासांत कारवाईचा नियम आहे, आणि तो कडकपणे पाळला पाहिजे. पण त्यासाठी ती छायाचित्रे काढावी लागतात. एका पानासाठी सगळे संकेतस्थळ बुडवावे लागत नाही. बळी घेणाऱ्या अफवांचे म्हणाल, तर जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले, ते मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांमुळे. त्या अफवा मोबाइलवरून, निनावी, एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होत्या. ज्या संकेतस्थळावर संपादकाचे नाव आणि पत्ता आहे, त्याला नोटीस देता येते, त्याच्यावर खटला भरता येतो. निनावी अफवेचा राग नाव लावून लिहिणाऱ्यावर काढणे अन्याय्य आहे, आणि त्याने अफवाही थांबत नाहीत.

तक्रारीचे हत्यार कोणाच्या हाती येते, याचाही विचार करा. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती उघडकीला आल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. आयुष्याची कमाई घालून घर घेतलेली शेकडो कुटुंबे त्यात सापडली. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. अशा गोष्टी वेळेवर लिहिणारे कोण असते? मोठ्या दैनिकांच्या शहर पुरवणीत जागा अपुरी पडते. तिथे दोन-तीन माणसांचे स्थानिक संकेतस्थळच उपयोगी पडते. आणि त्याच्याविरुद्ध वकिलाचे पत्र पाठवायला पैसा कोणाकडे असतो? फसलेल्या घरमालकाकडे नाही, गल्लीतल्या वाचकाकडे नाही. बिल्डरकडे असतो, कारखानदाराकडे असतो, नगरसेवकाकडे असतो. तक्रारीलाच निकाल मानणारी व्यवस्था ज्याला लपवायचे आहे त्याच्या बाजूने झुकलेली असते.

उपाय नवा शोधावा लागणार नाही. तो आपल्याच कायद्यात आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार, तक्रार आल्यावर मजकूर तात्पुरता अडवता येतो, पण तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करण्याची मोकळीक कंपनीला मिळते. हेच तत्त्व बदनामी आणि भावना दुखावल्याच्या तक्रारींना लावा, आणि मोकळीक आहे तिथे बंधन घाला. अडवायचेच तर वादातले पान अडवा. आधी लेखी कारण द्या. उत्तराला मुदत द्या. मुदतीत न्यायालयाचा आदेश आला नाही तर पान परत द्या. आणि खाते बंद केले तरी मजकुराची पूर्ण प्रत मालकाच्या हाती सोपवा. या मागण्यांचा मसुदा या संमेलनाने करावा, आमदार-खासदारांकडे तो न्यावा, आणि परिसरातल्या वकील मित्रांनी लहान संकेतस्थळांसाठी सल्ल्याची काही सोय उभारावी. ग्रंथालयांनी बंद पडू शकणाऱ्या मराठी संकेतस्थळांच्या प्रती जपण्याचे काम अंगावर घ्यावे. तपशील ठरवायला आपण पुन्हा बसू.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. आपल्या होस्टिंग कंपनीचा करार एकदा पूर्ण वाचा. डोमेन स्वतःच्या नावावर आहे ना, हे तपासा. जमल्यास ते होस्टिंगपासून वेगळ्या कंपनीकडे ठेवा. संपादकीय ईमेलही वेगळे ठेवा. संकेतस्थळाची संपूर्ण प्रत दर महिन्याला आपल्या घरी उतरवून घ्या. आणि उद्या शेजारच्या संपादकाचे संकेतस्थळ तक्रारीवरून बंद पडले, तर त्याच्या मताशी आपले जुळते की नाही हे न पाहता त्याच्या बाजूने उभे राहा. न्यायालयाने दोषी ठरवले तर त्याने शिक्षा भोगावी. त्याआधी त्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही.